होडीच्या पोटातलं पाणी

९ फेब्रुवारी १९९२, रविवार

होडी आली!

टेम्पोतून उतरवायला चार माणसं लागली. कचेरीतला शिपाई म्हणाला होता, फायबरची आहे, दोघांत उचलेल. चौघंही घामाघूम झाले. क्वार्टरच्या मागे, कपडे वाळत घालायच्या तारेखाली पालथी घातली. मी सही केली. कागदावर लिहिलंय – ‘निकामी होडी, नग एक.’

तीन अर्ज केले तेव्हा मिळाली. साहेबांनी विचारलं, "मृणालबाई, काय करणार हो हिचं?" म्हटलं, माती भरून फुलझाडं लावीन. समाधानाने हसले. बाई सावरली, असं वाटलं असेल त्यांना.

फुलझाडं कसली! जाळणार आहे मी ती.

१० फेब्रुवारी

कपडे घरातच वाळत घातले.

१३ फेब्रुवारी

शाळेतून आल्यावर खुर्ची घेऊन तिच्यासमोर बसले. चहा गार झाला.

इतकी लहान आहे! माझ्या डोक्यात ती केवढी मोठी झाली होती. बारा फूट असेल नसेल. निळा रंग उडालाय. याच होडीतून रमाकांत दर सोमवारी धरणाचं पाणी ओलांडून पलीकडच्या पाड्यावर शिकवायला जायचा, शनिवारी परत. एकशिक्षकी शाळा. गिरगावच्या चाळीत वाढलेला माणूस, पोहता येत नाही – आणि बदली मागून घेतली ती पाण्यापलीकडची! मी हर्णैची, मला पाण्याची भीती नाही. त्याच्यासाठी मात्र वाटायची. तो म्हणायचा, "अगं, हिच्या पोटात फोम भरलेला असतो. पाण्याने भरली तरी बुडत नाही. धरून राहायचं, बस."

१ ऑगस्ट ८८. त्या सोमवारच्या आधी, शनिवारी तो घरी आलाच नव्हता. दोन तारखेला इथल्या मुक्तिदिनाचा कार्यक्रम, पाड्यावरची दोन मुलं सिल्वासात गाणं म्हणणार होती – सोनी आणि नथू. त्यांची तयारी घेत राहिला. सोमवारी सकाळी त्यांना घेऊन निघाला. होडी चालवायला नेहमीचा झिपरू. मध्यावर वारा सुटला, लाटा आत आल्या, होडी भरली.

झिपरू वाचला. दोन्ही मुलं वाचली. रमाकांत दोन दिवसांनी सापडला.

धरून राहायचं, बस!

१६ फेब्रुवारी, रविवार

मागच्या चाळीतल्या वाल्मिकला बोलावलं. साक्रीकडचा आहे, मसाटच्या कारखान्यात फायबरच्या टाक्या आणि खुर्च्या बनवतो. त्याची आई आक्काबाई माझ्याकडून गावाकडची पत्रं लिहून घेते, म्हणून तो मला ताई म्हणतो. त्याला विचारलं, ही जाळायची कशी?

"ना ना ताई, फायबर जाळू नका. काळा धूर निघंल, सगळी गल्ली खोकत बसंल. कापून देतो ना मी, तुकडे तुकडे."

कुठून कापायची ते बघायला त्याने एक कड उचलली. उचलेना. परत जोर लावला. मग खाली बसून बोटाच्या पेराने ठोकत गेला. टक, टक, टक – आणि एकदम थप्. ओल्या भिंतीवर मारल्यासारखा आवाज. पुढे सगळीकडे थप्, थप्.

"ताई, हिच्या पोटात पानी आहे."

"अरे, साडेतीन वर्षं जमिनीवर पडून आहे ती."

"असू द्या ना. फोमनं धरून ठेवलंय. पिऊन बसलाय तो." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "कापायच्या आधी बघू तरी. पुढच्या रविवारी ड्रिल आणतो."

तो गेल्यावर मी त्या जागेला कान लावला. काय ऐकू येणार होतं? काही नाही. तरी बराच वेळ लावून बसले.

२३ फेब्रुवारी, रविवार

भोक पाडलं. बसायच्या फळीखाली बंद पेटी असते, तिच्या अगदी तळाशी. आधी काहीच आलं नाही. मग एक तपकिरी थेंब. मग बारीक धार. बादली लावली. ती अर्धी भरली आणि मग धारेची ठिबक झाली.

वास! कुजलेली पानं, चिखल, धरणाचं साचलेलं पाणी. त्याला घरी आणलं तेव्हा त्याच्या केसांना होता, तोच. मला मोरीपर्यंतही जाता आलं नाही, तिथेच ओकले.

"ताई, बूच मारू का? बंद करू?"

नको म्हटलं.

वाल्मिक म्हणतो, कचेरीच्या गोदामामागे उघड्यावर होती, काही पावसाचंही असेल. असेल. पण त्याच्याखाली, सगळ्यात आत, त्या दिवशीचं पाणी आहे. ते बाहेर गेलं कुठून असणार?

२५ फेब्रुवारी

ठिबक. वह्या तपासताना ऐकू येते. आज तिसरीच्या वर्गात पाढे चालू असतानाही ऐकू आली. शाळा इथून अर्ध्या मैलावर आहे.

२७ फेब्रुवारी

अजून. बादली भरत आली. ओतवत नाही.

१ मार्च, रविवार

वाल्मिकने ग्राइंडरने पेटी कापली. फायबरची धूळ सगळीकडे, माझ्या दंडांना खाज सुटलीय. झाकण निघालं. फोम पिवळसर असतो म्हणे. हा चहात बुडवून विसरलेल्या पावासारखा होता. हातात घेतला की लगदा. एक वीतभर तुकडा पिळला, पेलाभर पाणी निघालं. दुसरा पिळला. तिसरा. मी पिळतच राहिले. वाल्मिक नुसता उभा.

शेवटी तो हळूच म्हणाला, "ताई, हे एका दिवसाचं काम नाही. हा फोम अपघाताच्या आधीपासून, वर्ष-दोन वर्षं पानी पीत असंल. असा फोम होडीला तारत नाही, उलट खाली ओढतो. वरून पानी भरलं तेव्हा तरंगायला हिच्यात फारसं काही शिल्लकच नव्हतं."

मी विचारलं, "मग चूक होडी चालवणाऱ्याची नाही?"

"तो बिचारा काय करंल?"

मी आत गेले आणि दार लावून घेतलं. वाल्मिक बाहेर आवराआवर करत होता. जाताना "ताई, येतो" म्हणाला.

४ मार्च

इथे नाही लिहिलं तर कुठे लिहिणार? लिहितेच.

चौकशीच्या वेळी मला बोलावलं होतं. विचारलं, झिपरूबद्दल तुम्हाला काही सांगायचंय का? मी म्हणाले – तो ताडी पिऊन होडी चालवायचा, आमचे हे नेहमी सांगायचे.

रमाकांत असं कधीही म्हणाला नाही. एकदाही नाही! उलट म्हणायचा, झिपरू आहे म्हणून मी निर्धास्त जातो.

मला कुणाचं तरी नाव घ्यायचं होतं. रमाकांत गेला आणि झिपरू परत आला, एवढाच त्याचा गुन्हा. मेलेल्या नवऱ्याच्या तोंडी मी खोटं घातलं. तिथल्या कारकुनाने सुवाच्य अक्षरात उतरून घेतलं, मी सही केली. झिपरूला काढून टाकलं. रोजंदारीवरचा माणूस – कुणी अपीलसुद्धा केलं नाही. दुसरी होडी आली नाही, पलीकडे जायला दुसरा मास्तर तयार झाला नाही. शाळा तेव्हापासून बंद.

मी साडेतीन वर्षं याच गावात दुसऱ्यांच्या मुलांना ‘नेहमी खरे बोलावे’ शिकवतेय.

८ मार्च, रविवार

वाल्मिकने तळ घासला. रंगाखाली टीचभर लांबीची चीर निघाली, दगडावर घासून पडलेली. तिच्यावर डांबर. एक थर नाही – थरावर थर.

"हे कुनीतरी येळोयेळी लावलंय ताई. आनि वरून रंग मारलाय. दिसू नाही म्हनून."

म्हणजे झिपरूला माहीत होतं! होडी गळते हे माहीत असून त्यांना बसवत राहिला!

लिहायला लाज वाटते, पण मला हायसं वाटलं. जेवण गेलं नीट, चार दिवसांनी. माझं खोटं थोडं कमी खोटं झालं.

११ मार्च, बुधवार

अर्धी रजा टाकून खानवेलच्या बसने धरणाकाठी दुधनीला, झिपरूच्या गावी गेले. त्याच्यासमोर उभं राहून विचारायचंच होतं.

झिपरू घरापुढे जाळं विणत बसला होता. केस पिकलेत. मला बघून उठला, खाट झटकली.

"बस, बाई. पाणी पिशील?"

मी उभीच. "होडीच्या तळाला डांबर आहे, झिपरू. तुला ठाऊक होतं."

"ठाऊक होता."

"तरी त्यांना बसवलंस?"

त्याने हातातली गाठ आवळली.

"डांबर मास्तरानंच लावला, बाई. मी होडी आडवी धरायचो, मास्तर लावायचा."

मग मला बसावंच लागलं.

त्याने सगळं सांगितलं, जाळ्यावरून मान वर न करता. होडी जड होत चाललीय हे त्याला वल्ह्यावरून कळलं होतं. तो म्हणाला, मास्तर, कचेरीत कळव. रमाकांत म्हणाला, कळवलं तर होडी बंद करतील, नवी यायला दोन वर्षं. होडी बंद की शाळा बंद. सोनी आत्ताशी चौथीत आलीय. दिवाळीपर्यंत चालव, मग मी स्वतः लिहून देतो.

"हे चौकशीत का नाही सांगितलंस?"

"मास्तर गेलेला, बाई. गेलेल्या माणसाच्या नावावर काय टाकायचा? पोरांवर जीव होता त्याचा."

"मी तुझ्याबद्दल काय सांगितलं ते..."

"साहेबानं वाचून दाखवला." एवढंच. रागही नाही आवाजात. राग असता तर बरं झालं असतं.

त्या दिवशीचं विचारलं. होडी भरली तेव्हा नथू दूर फेकला गेला, झिपरू त्याच्यामागे पोहत गेला. मास्तर आणि सोनी होडीला धरून होते. नथूला घेऊन परत आला तर एकटी सोनी.

"लाट आली आसल," म्हणाला.

त्याच्या बायकोने पाणी दिलं. मी तांब्या दोन्ही हातांत धरून प्यायले. माफी मागायला तोंड उघडलं नाही. बस आली.

१२ मार्च

बादली गटारात ओतली. सगळी!

त्याला माहीत होतं! स्वतःला पोहता येत नाही, होडी गळते, तिच्यात परक्यांची लेकरं घालतो – आणि घरी येऊन मला सांगतो, भरली तरी बुडत नाही! दर शनिवारी. माझ्या हातची आमटी भुरकत, माझ्याकडे बघत. मी एकदाच खोटं बोलले. हा दर शनिवारी बोलत होता.

त्याच्या फोटोला हार घातलेला होता, तो काढून ठेवला.

१३ मार्च

रिकामी बादली धुवायला घेतली आणि तशीच ठेवून दिली. ते पाणी तरी होतं.

१९ मार्च

वाल्मिक आईला घेऊन शिमग्याला गावी गेलाय. होडी मागे उघड्या पोटाने पडून आहे. आज केर काढता काढता सहज तिची कड धरली – उचलली गेली! एकटीने! मी ती तशीच हातात धरून उभी राहिले. खाली ठेवायचं सुचेना. शेजारच्या बाई भिंतीवरून म्हणाल्या, "अहो, पाठीत भरेल."

इतकी हलकी होती ती मुळात.

२३ मार्च, सोमवार

कचेरीत लिहून दिलं. साहेबांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला.

"बाई, आता कशाला? मिटलेलं प्रकरण आहे. खोटी साक्ष दिली असं स्वतःच्या हाताने लिहून देताय. तुमच्यावर कारवाई होईल, कळतंय ना?"

"कळतंय."

"आणि हे डांबराचं? नवऱ्याबद्दल कुणी असं लिहितं?"

लिहावं की नाही, तेच मलाही ठरवता येत नव्हतं, रविवारभर. झिपरूने जे पोटात ठेवलं ते मी कागदावर मांडलं. पण ते गाळलं असतं तर परत अर्धंच खरं झालं असतं. रमाकांतच्या नावाने मी एकदा बोलले आहे. आता त्याच्याविरुद्ध बोलताना तरी खरं बोलावं.

साहेब म्हणाले, "ठेवून जा."

कचेरीच्या पायऱ्या कठडा धरून उतरले.

२९ मार्च, रविवार

वाल्मिक परत आला. म्हणाला, "मग ताई, कापू?"

"नको. नवा फोम भर."

"भरून? चालवनार कोन?"

"ते बघू."

त्याने डोकं खाजवलं आणि कामाला लागला. आधी थर्माकोलचे तुकडे आणले. वर रेझिन, म्हणजे फायबर घट्ट करायचा चिकट रस, लावलं तर थर्माकोल बघता बघता वितळून गेलं, जागी नुसती भोकं! "अरे! रेझिन थर्माकोलला खातं, इसरलोच मी," म्हणून स्वतःच्या कपाळावर चापट मारून घेतली. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा मी मोठ्याने हसले.

मग सायकल घेऊन गलोंड्याला गेला. तिथे त्याचा गाववाला बर्फाच्या पेट्या बनवायच्या कामावर आहे. त्याच्याकडून दोन डबे आणले. त्या पेट्यांच्या भिंतीत भरतात ते औषध – दोन्ही डब्यांतलं सारखं घ्यायचं, भराभर ढवळायचं आणि ओतायचं. दूध उतू जावं तसं फसफसून वर आलं. कोपऱ्याकोपऱ्यात शिरलं. हात ठेवला तर तापलेल्या माणसाच्या अंगाइतकं गरम.

"हात नका लावू ताई! चिकटंल!"

तासाभराने दगडासारखं घट्ट. वरचं सुरीने कापून सपाट केलं. त्याच्यावर फायबरची चटई आणि रेझिन, दोन थर. तळाच्या चिरेतलं डांबर खरवडून तिथेही तीन थर. डांबराचा एक तुकडा खाली पडला. त्याच्यावर बोटाचा ठसा होता. कुणाचा ते मी बघितलं नाही. झाडून टाकला.

सगळीकडे ठोकून पाहिलं. टक, टक, टक.

५ एप्रिल, रविवार

दुधनी. टेम्पोतून दोघांनी उतरवली. झिपरू काठावर येऊन थांबला होता. मी निरोप पाठवला होता, पण तो येईल असं वाटलं नव्हतं.

मी त्याच्याजवळ गेले. "झिपरू, मी तुझ्याबद्दल खोटं सांगितलं होतं. कचेरीत तसं लिहून दिलंय. मला..."

"ठाऊक हाय, बाई. होडी धर त्या बाजूनं."

कमरेइतक्या पाण्यात नेली आणि कळशांनी भरायला सुरुवात केली. काठावर बायका जमल्या, ही मास्तरीण नवी होडी बुडवतेय म्हणून हसत होत्या. काठोकाठ भरली. कड पाण्याच्या वर चार बोटं – आणि तिथेच थांबली. मग झिपरूने ती खोल पाण्यात ढकलत नेली. तो एका बाजूला लटकला, त्याचा मेहुणा दुसऱ्या. वाल्मिकच्या कमरेला दोर बांधलेला, चेहरा पांढराफटक. "आमच्या साक्रीला येवढं पानी फोटोतच ऱ्हातं," म्हणत तोही लटकला. मी पदर खोचला, पोहत गेले. चौथी मी.

होडी डुलली. जराशी तिरकी झाली. खाली गेली नाही.

चार माणसं. पाय खाली पाण्यात मोकळे, वर ऊन, बोटं कडेवर. कितीही वेळ राहता आलं असतं. कुणीतरी काठावरून येईपर्यंत, दुपारपर्यंत, संध्याकाळपर्यंत. मला सोडवेना. झिपरू म्हणाला, "पुरे, बाई," तेव्हा सोडली.

बायका आता हसत नव्हत्या.

१० एप्रिल, शुक्रवार

मेमो आला. खोट्या साक्षीबद्दल पंधरा दिवसांत खुलासा द्यायचा. झिपरूला परत घेण्याबद्दल एक अक्षर नाही. शाळेबद्दल – ‘विचाराधीन’.

होडी दुधनीलाच ठेवलीय. झिपरू पाड्यावरच्या लोकांना नेतो-आणतो. मी ठरवलंय. नोकरीचं होईल ते होईल, येत्या महिन्यापासून दर रविवारी पलीकडे जाऊन शिकवणार. मात्र रमाकांतचं नाव तिथे घेणार नाही. त्याची शाळा म्हणून नाही, मुलांची शाळा म्हणून.

हार अजून काढलेलाच आहे.

१२ एप्रिल, रविवार

सोनी आली होती. पंधरा वर्षांची झालीय, अथालच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. दारातच उभी राहून बोलली. चौकशीत तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. लहान म्हणून.

लाट आलीच नव्हती. दोघांनी धरलं की होडी पाण्याखाली जायची, एकटीने धरलं की वर यायची. लांबून झिपरू नथूला घेऊन येताना दिसत होता. ते बघून गुरुजी तिला म्हणाले, "सोनी, घाबरू नको हं. मी जरा बघतो, खाली पाय टेकतात का." आणि हात सोडले.

"बाई, तिथे साठ फूट पाणी हाय. गुरुजींनीच शिकवलेला आमाला."